पूजेला न बसलेला नंबर

"मालकांना बोलवा," असं म्हणत त्यानं लाल रेशमी फडक्यातली वस्तू काउंटरवर ठेवली.

"मालक मीच. बोला."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला त्याची सवय होती. बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे टिकली लावलेली बाई दिसली की निम्मी गिऱ्हाइकं आधी आतल्या खोलीकडे बघतात. आतून बाईचा नवरा हात पुसत बाहेर येईल असं त्यांना वाटतं. दुकान सासऱ्यांकडून माझ्याकडे आलं होतं. माझा नवरा त्या वेळी बँकेत चेकवर शिक्के मारत असायचा आणि पिस्तूल कशाला म्हणतात, रिव्हॉल्व्हर कशाला, हे त्याला लग्नाला वीस वर्षं झाली तरी सांगता येत नव्हतं.

"मुंबईच्या शेठनं तुमच्याच दुकानाचं नाव सांगितलं," तो नाखुशीनं म्हणाला. "मिरजेच्या रसाळांचा किमतीचा दाखला असेल तरच घेतो म्हणाला. मी दौलतराव मोरसकर. मोरसवाडीचा. आम्हाला सरकार म्हणतात."

दाराजवळ स्टुलावर आण्णा सुपारी कातरत बसले होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

मी आण्णांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्या माणसानंही बघितलं असतं. पण तशी भीती बाळगायचं काही कारण नव्हतं म्हणा. आत येताना तो आण्णांच्या गुडघ्याला कोट घासून आला होता आणि दुकानात खुंटी असावी तसं त्यांच्याकडे एकदा पाहून पुढे सरकला होता. कारागिराच्या तोंडाकडे बघायची त्या घराला सवयच नव्हती.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची, दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली. आज माझी सत्तरी उलटली. लोक म्हणतात वय झालं की माणूस निवळतो. मी निवळले नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील, रावजी जिनगर. मोरसवाडीच्या सरकारवाड्यातली सगळी हत्यारं तेच बघायचे. बंदुकीचा चाप जड झाला, घोडा नीट पडेना, नळीला गंज धरला, की बोलवा रावजी मिस्त्रीला. मला भाऊ नव्हता, म्हणून हे काम आण्णांनी मला शिकवलं. मी दहा वर्षांची असताना डोळे बांधून बंदूक खोलून पुन्हा जोडायचे, आणि आई म्हणायची, हिला कोण पत्करणार आहे.

एकाहत्तर सालच्या नवरात्रात दौलतरावांनी आपल्या आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर आण्णांकडे दुरुस्तीला पाठवलं. घोड्याची स्प्रिंग मेली होती. आण्णांनी नवी घातली आणि दोन दिवसांत परत नेऊन दिलं. खंडेनवमीला वाड्याच्या चौकात पाट मांडून हत्यारांची पूजा व्हायची, आणि गावच्या सुतार-लोहारांनी आपापली अवजारंही त्याच पाटाच्या कडेला ठेवायची, अशी रीत होती. आण्णांनी आपली अवजारांची पेटी ठेवली. मी त्यांच्या मागे उभी होते, सतरा वर्षांची. दौलतराव पाहुण्यांना घेऊन चौकात आले आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, "या चोरानं माझं सिलिंडर बदललं." आणि पायानं ती पेटी पाटावरून ढकलून दिली. खंडेनवमीच्या दिवशी, पायानं. कानस, पेचकस, छोट्या हातोड्या सगळ्या फरशीवर पसरल्या आणि आण्णा खाली वाकून एकेक गोळा करत राहिले.

पुढे पोलिसात तक्रार झाली. रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर एक नंबर असतो आणि तोच नंबर गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरवर मारलेला असतो. सांगाड्यावर होता ८१७४६ आणि सिलिंडरवर ६३२०९. आण्णा सांगत राहिले की माझ्याकडे आलं तेव्हाही ते तसंच होतं. दौलतरावांनी शपथेवर सांगितलं की आजोबांपासून हत्याराचा एक स्क्रूही बदललेला नाही. सरकारांच्या शपथेपुढे जिनगराच्या शपथेला कोण विचारतो? तीन महिने कैद झाली, परवाना गेला. आण्णा सुटून आले आणि म्हणाले, "माझं नाव धुतल्याबिगर मी हत्याराला हात लावणार न्हाई."

आणि त्यांनी लावला नाही. आई गेल्यावर मी त्यांना मिरजेला आणलं. लेकीच्या घरी राहायचं त्यांना मरणासारखं वाटायचं. दुकानात यायचे ते फक्त दाराशी बसायला. शिरगणतीवाला आला, दवाखान्यात केसपेपर काढला, रेशनकार्ड नवं केलं, दर वेळी धंदा काय म्हणून विचारलं की ते म्हणायचे, "काय न्हाई." मी म्हणायचे, मिस्त्री लिहा. ते म्हणायचे, "काय न्हाई लिव्हा."

मला तुम्ही काहीही म्हणा, पण त्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मला तेवीस वर्षं रोज वाटलं. देवळात गेले तरी मागणं तेच. आणि तो आपल्या पायांनी माझ्या दुकानात चालत आला होता. त्याला काय ठाऊक? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिलं आणि मोरसवाडीच्या बकुळेची मिरजेची वैजयंती रसाळ झाली. बायकांचं नाव पुसतात त्याचा मला आयुष्यात एकदाच फायदा झाला, तो त्या दिवशी.

"बसा सरकार," मी म्हटलं. "चहा मागवू?"

"नको. मला लवकर निघायचंय." हातातल्या काठीवर भार देत तो खुर्चीत बसला आणि त्यानं फडकं सोडलं.

तेच होतं. चार इंची नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मुठीवर आजोबांच्या नावाची चांदीची पट्टी. मी परवाना बघितला, हत्यार मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली आणि भिंग डोळ्याला लावलं.  हातांना काम दिलं की ते ताळ्यावर येतात, हे आण्णांनीच शिकवलेलं.

"जुन्या हत्याराची किंमत कशी काढतात ठाऊक आहे का सरकार?" मी विचारलं. त्याला बोलतं ठेवायचं होतं.

"ते तुमचं काम."

"आधी नळी. आतले आटे धारदार पाहिजेत. तुमचे चांगले आहेत. मग हा मूळचा निळसर काळा रंग. हौसेनं कुणी नवा रंग चढवला की किंमत निम्मी. मग स्क्रू. आडमुठ्या कारागिरानं हात घातला असेल तर स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतात. तुमचे स्क्रू बघा, कालच बसवल्यासारखे आहेत. ज्यानं कुणी काम केलंय तो माणूस कसबी असला पाहिजे."

"असेल कुणी तरी," तो म्हणाला.

अडकित्ता अजून सुरू झाला नव्हता.

"आणि शेवटचं म्हणजे नंबर," मी म्हटलं. "सांगाड्याचा आणि सिलिंडरचा नंबर एक असला तर हत्यार अस्सल. मग अडीच लाख कुठे गेले नाहीत."

त्याचा चेहरा उजळला. कोटाची कोपरं विरली होती, मिशीला कलप होता, पण अडीच लाख ऐकल्यावर तो पुन्हा चौकातला सरकार झाला. "बघा की मग. एकच आहे नंबर."

मी भिंग सांगाड्यावर धरलं. ८१७४६. सिलिंडरवर धरलं. ८१७४६.

मी दोन्ही नंबर पुन्हा एकदा पडताळले. ज्या नंबरासाठी माझा बाप तीन महिने आत बसला तो ६३२०९ तिथे नव्हताच. तक्रारीची नक्कल मी इतक्यांदा वाचली होती की तो आकडा मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता. मी सिलिंडरवरून अंगठा फिरवला. नंबराच्या जागी किंचित खळगा लागला. कुणी तरी जुना आकडा घासून काढला होता, वर नवा ठोकला होता आणि तेवढ्याच जागी काळा रंग लावला होता.

त्याला तिथेच पकडावं असं वाटलं. पण खळगा झिजेचा आहे म्हणाला असता, आणि मी बसले असते तोंड बघत. मला नुसता त्याचा गुन्हा नको होता. आण्णांचं नाव हवं होतं, आणि ते त्याच्याच तोंडून, त्याच्याच हातानं.

"घरचंच हत्यार ना हे?" मी विचारलं. "मध्ये कुणाच्या हातात गेलेलं नाही? शेठ लोक हे फार विचारतात."

"आजोबांना एकोणीसशे अकरा साली मिळालं. तेव्हापासून देवघराच्या कपाटात."

"पूजेला असतं?"

"दर खंडेनवमीला. एक साल चुकलेलं नाही. परवाच्या दसऱ्यालासुद्धा पाटावर होतं." त्याला आता बोलायला आवडायला लागलं होतं. "कुंकवाचं गंध कुठे लावायचं ते आजोबांनी ठरवून दिलेलं. नळीवर एक बोट, मुठीवर एक, आणि दोन्ही नंबरांवर एकेक. आजोबा म्हणायचे, नंबर म्हणजे हत्याराचं नाव. नावाला कुंकू लागलं पाहिजे."

"दोन्ही नंबरांवर? दरवर्षी?"

"म्हटलं ना. ऐंशी वर्षं."

मी ड्रॉवरमधून टाचणी काढली आणि एक पांढरा कागद पसरला. सांगाड्यावरच्या नंबराच्या खाचेत टाचणीचं टोक फिरवलं. आठाच्या पोटातून, चाराच्या कोपऱ्यातून लाल चुरा निघाला आणि कागदावर पडला. तेलानं काळपट झालेलं, दगडासारखं घट्ट बसलेलं कुंकू.

"हे बघा. तुमच्या आजोबांपासूनचं."

तो कौतुकानं वाकून बघत होता. मी सिलिंडर कागदावर धरलं. नंबराच्या शेजारच्या खोबणीतही तसंच लाल निघालं. मग टाचणी नंबरात घातली. एक, सात, चार, सगळ्या आकड्यांत फिरवली. कागदावर लाल कणही पडला नाही. वरचा ताजा काळा रंग निघाला आणि खाचेच्या तळाशी कोरं पांढरं लोखंड चकाकलं.

"हा नंबर पूजेला बसलेला नाही, सरकार."

वाकलेला तो सरळ झाला.

"दसऱ्यानंतर कोरलाय हा. शेठचं पत्र कधी आलं? नंबर एक असले पाहिजेत असं लिहिलं होतं ना त्यानं?"

"बाई, तुम्ही तुमचं काम करा," तो म्हणाला. आवाज चढला होता, पण काठीवरचा हात घसरत होता. "किंमत विचारलीय मी. चौकशी नाही."

"माझं काम हेच आहे. हत्याराचा नंबर खोडणं हा गुन्हा आहे, आणि असं हत्यार माझ्या काउंटरवर आलं की मला ठाण्यात कळवावं लागतं. बदललेलं सिलिंडर चोरीच्या हत्याराचं असेल, खुनाचं असेल. मला काय माहीत?"

"चोरीचं?" तो खुर्चीतून अर्धा उठला. "मोरसकरांच्या घरात चोरीचं? अहो, ते सिलिंडर आमचंच आहे! आजोबांनी बसवलेलं!"

दाराशी स्टूल करकरलं. मी टाचणी हळूच खाली ठेवली. माझं सगळं अंग कान झालं होतं.

"आजोबांनी? कधी?"

"बत्तीस साली. जुनं सिलिंडर शिकारीत तडकलं. आजोबांनी मुंबईहून दुसरं आणवून बसवलं. त्याचा नंबर वेगळा असणारच. मी लहान होतो, माझ्यासमोरच बसवलं. तोच नंबर परवा जरा सारखा करून घेतला, दिसायला बरं म्हणून. यात चोरी कसली?"

"तोंडी कोण ऐकतो सरकार?" मी म्हटलं. माझा आवाज किती गोड झाला होता ते आठवलं की आजही मला माझंच नवल वाटतं. "सिलिंडर बदललेलं हत्यार वाईट नसतं. घरच्यांनी खरं लिहून दिलेलं असलं तर तसली हत्यारं लाखाला गेलेली मी बघितलीत. लिहून दिलं नाही तर मात्र ते सिलिंडर कुठलं हे कुणी सांगायचं?"

"लाख?" तो म्हणाला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडी मीच पुढे केली होती.

"मी खरी किंमत लावीन. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. माझ्या वडिलांची शपथ."

त्यानं एकदा हत्याराकडे पाहिलं, एकदा बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे. मी तोवर ड्रॉवरमधून स्टँपपेपर काढला होता. असले कागद दुकानात लागतात. त्यानं खिशातून जाड पेन काढलं आणि मी सांगत गेले तसं लिहीत गेला. मी, दौलतराव विश्वासराव मोरसकर, सत्य लिहून देतो की सदर रिव्हॉल्व्हरचं मूळ सिलिंडर सन १९३२ मध्ये तडकल्यानं माझ्या आजोबांनी बदललं. बदललेल्या सिलिंडरचा नंबर...

"काय होता नंबर?" मी विचारलं.

"आता कुठे लक्षात राहणार?"

"सहा तीन दोन शून्य नऊ असं वाटतंय. भिंगातून जुन्या खुणा जराशा दिसतात," मी म्हटलं. खुणा काहीही दिसत नव्हत्या. आख्ख्या दुपारात मी बोललेलं हे एकच खोटं.

"असेल. होय, तसाच काही तरी होता." त्यानं लिहिलं. बत्तीस सालापासून तेच सिलिंडर आहे, मध्ये कुणीही बदललेलं नाही, हेही लिहिलं. नंबर परवाच्या दसऱ्यानंतर मीच बदलून घेतला, हे लिहिताना त्याचं पेन अडलं.

"तेवढं राहू दे की."

"ते राहिलं तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ काय? कोरा नंबर शेठच्याही डोळ्याला दिसणार."

त्यानं लिहिलं आणि खाली लांबलचक सही ठोकली. मोठ्या लोकांच्या सहीला शेपूट फार.

"दोन साक्षीदार लागतील," मी म्हटलं.

गाडीतून ड्रायव्हर आला. त्यानं न वाचताच सही केली आणि परत गेला.

"आणि दुसरा?" दौलतराव घड्याळ बघत होता. "तुम्हीच करा."

"मी किंमत लावणार. मला चालत नाही." मी दाराकडे वळले. "आण्णा, इकडे या. सही करा."

आण्णा उठले. अडकित्ता स्टुलावर ठेवला, धोतराला हात पुसले आणि हळूहळू काउंटरशी आले. दौलतरावानं खुर्ची सरकवून त्यांना वाट दिली, पण मान वर केली नाही. आण्णांनी चष्मा घातला. आधी कागद वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. वाचायला फार वेळ लागला. मग पेन घेतलं. हात कापत होता, म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि एकेक अक्षर काढलं. रावजी संतू जिनगर. मुक्काम मोरसवाडी, हल्ली मिरज.

मी कागद दौलतरावाकडे फिरवला. "सही बघून घ्या, सरकार. साक्षीदाराचं नाव बरोबर आहे का बघा."

त्यानं वाचलं. मग पहिल्यांदा मान वर केली आणि आण्णांच्या तोंडाकडे बघितलं. त्याच्या मिशीचा कलप मला त्या क्षणी फार काळा दिसला, कारण तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"रावजी," तो म्हणाला.

"व्हय, सरकार."

"आणि मी बकुळा," मी म्हटलं. "चौकात मागं उभी होते ती."

त्यानं कागदावर झडप घातली. पण मी तयारीतच होते. कागद माझ्या हातात होता आणि मधे काउंटर होतं. मी काही दुबळी बाई नव्हे, दिवसभर बारा बोरच्या बंदुका उचलते.

"एक सांगा सरकार," आण्णा म्हणाले. आवाज अगदी शांत होता, आणि तोच मला सहन होईना. "त्या दिशी तुमाला ठावं हुतं. सिलिंडर आजोबांनी बदललेलं हाय, हे तुमाला ठावं हुतं."

दौलतराव खाली बघत राहिला.

"मग का केलंत?"

त्यानं काठी दोन्ही हातांत घट्ट धरली. मग म्हणाला, "पाहुण्यांत एक कर्नल होता. त्यानं नंबर बघितले आणि म्हणाला, तुमच्या आजोबांना कुणी तरी बनवलेलं दिसतंय. सगळे हसले. बायकासुद्धा हसल्या, रावजी. मी म्हटलं, परवाच मिस्त्रीकडे होतं, त्यानंच बदललं असेल. एकदा बोलून गेल्यावर मग..." त्यानं हात उडवला.

तीन महिने कैद. गेलेला परवाना. चार घरी भांडी घासून खपलेली माझी आई. दाराजवळचं स्टूल. आणि कारण काय, तर पाहुणे हसले. तेवीस वर्षं मी या माणसाला राक्षस समजत होते आणि राक्षस म्हणून त्याचा द्वेष करत होते. निघाला इतकासा. माझा राग कमी व्हायला पाहिजे होता. तो दुप्पट झाला.

मी दाखल्याचं पुस्तक ओढलं आणि भराभर लिहिलं. कंपनी, बोर, सांगाड्याचा नंबर, नळी उत्तम, मूठ मूळची, सिलिंडर बदललेलं, सिलिंडरवरचा नंबर खोडून बनावट नंबर कोरलेला. मग किमतीच्या रकान्यात लिहिलं, शून्य. अक्षरी शून्य फक्त. शिक्का मारला आणि पान फाडून त्याच्यापुढे ठेवलं.

"शून्य?" तो ओरडला. "लाख म्हणाली होतीस तू! बापाची शपथ घेतली होतीस!"

"सिलिंडर बदललेलं हत्यार लाखाला जातं म्हणाले. नंबर बदललेलं हत्यार कुठेच जात नाही. ते विकता येत नाही, बाळगता येत नाही. ते ठाण्यात जातं. ज्याला गिऱ्हाईकच नाही त्याची खरी किंमत किती होते, तुम्हीच सांगा."

मी फोन जवळ ओढला. तेव्हा त्याचं सगळं उतरलं. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काय पाहिजे तुला? माफी पाहिजे? मागतो. घर गहाण आहे माझं. एवढं हत्यारच राहिलंय विकायला. काय करू सांग."

मी काउंटरखाली वाकले आणि आण्णांची पेटी पायाशी होती ती बाहेर सरकवली. तेवीस वर्षं ती माझ्याकडे होती. एका कोपऱ्यात फरशीवर आपटल्याचा पोचा तसाच होता.

"ही उचला. हातानं. आणि वर ठेवा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग काठी खुर्चीला टेकवली, वाकला, दोन्ही हात पेटीखाली घातले. लोखंडानं भरलेली पेटी, सत्तरी गाठलेला माणूस. पहिल्यांदा उचललीच नाही. आण्णा मदतीला पुढे झाले. मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही हात लावायचा नाही." दुसऱ्यांदा त्यानं ती छातीशी कवटाळून उचलली आणि धापा टाकत काउंटरवर ठेवली. कोट गंजानं माखला. न सांगताच त्यानं पेटीला हात लावून कपाळाला लावला.

"झालं?" तो म्हणाला.

"पेटीचं झालं," मी म्हटलं आणि ठाण्याचा नंबर फिरवला.

दया यायला पाहिजे होती असं माझी धाकटी जाऊ नंतर कितीदा तरी म्हणाली. तिच्या बापाची पेटी कुणी लाथाडली नव्हती.

हवालदार यायला वेळ होता. आण्णांनी मधेच हात पुढे केला. मला वाटलं पेटीकडे जातील. पण त्यांनी दाखला उचलून वाचला आणि मग रिव्हॉल्व्हर घेतलं. अंगठ्यानं खटका दाबून ते मोडलं, इतक्या सहज की जणू कालच खाली ठेवलं होतं. हात कापायचा थांबला होता. अंगठ्याचं नख सांगाड्यावरच्या नंबरावरून फिरवलं, मग सिलिंडरवरच्या. घोडा अर्धा मागे ओढून सोडला आणि कान देऊन ऐकला.

"स्प्रिंग माझीच हाय," ते म्हणाले. "अजून चांगली हाय."

"आणि किंमत?" मी विचारलं. आण्णांसमोर किंमत लावताना आजवर मला कधी इतकी धास्ती वाटली नव्हती. रागानं लावलेली किंमत त्यांना चालायची नाही. माझ्या सासऱ्यांच्या काळात एकदा मी एका भांडखोर गिऱ्हाइकाची बंदूक पाचशेनं कमी धरली होती, तर आण्णा आठ दिवस बोलले नव्हते माझ्याशी.

त्यांनी पुन्हा एकदा नख फिरवलं.

"बरोबर लावलीस," ते म्हणाले.

हवालदार आला, सोबत लिहिणारा शिपाई. पंचनामा सुरू झाला. हत्याराचं वर्णन लिहिलं, दौलतरावाचा कागद जोडला, त्याचा जबाब घेतला. मग शिपाई साक्षीदाराकडे वळला.

"नाव?"

"रावजी संतू जिनगर."

"वय?"

"शहात्तर."

"धंदा?"

आण्णांच्या हातात अजून ते लाल फडकं होतं, रिव्हॉल्व्हर पुसून ठेवल्यावर हातातच राहिलेलं. त्यांनी एकदा दौलतरावाकडे पाहिलं, एकदा काउंटरवरच्या पेटीकडे.

"बंदूक मिस्त्री," ते म्हणाले. आणि शिपायानं नीट लिहिलं की नाही ते बघायला चष्मा सावरून वहीवर वाकले.